गेमच्या डब्यातला सिनेमा

सोनीचा प्लेस्टेशन २ जपानच्या बाजारात ४ मार्च २००० रोजी आला, तेव्हा त्याची किंमत ३९,८०० येन होती. डीव्हीडी तेव्हा नवी होती आणि नुसता डीव्हीडी प्लेअर घ्यायचा तरी खिशाला चांगलाच चटका बसे. हे यंत्र गेमही खेळायचं आणि डीव्हीडीही लावायचं. त्यामुळे ज्या घरांत गेमचं कुणाला फारसं वेड नव्हतं तिथेही ते शिरलं. पहिल्या जपानी मॉडेलमध्ये तर डीव्हीडी लावण्याचं सॉफ्टवेअर यंत्रात नव्हतंच. सोबत मिळणाऱ्या मेमरी कार्डावर ते असायचं. पुढे हा डबा जगभरात १५ कोटींहून जास्त खपला आणि त्यातल्या असंख्य घरांचा तोच पहिला डीव्हीडी प्लेअर ठरला.

टीव्हीला कन्सोल किंवा घरचा कॉम्प्युटर जोडून सिनेमा बघण्याच्या या पंचवीस वर्षांकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. यंत्राची कुवत मोठी असायची आणि ते बनवणारी कंपनी देत असलेली परवानगी त्याहून बरीच लहान. मराठी घरांना हा फरक जास्तच जाणवला, कारण आपल्याकडची नाटकं, सिनेमे आणि लग्नाच्या कॅसेटींवरून उतरवलेली चित्रणं ज्या तबकडीवर होती, ती या कंपन्यांच्या हिशेबातच नव्हती.

ती तबकडी म्हणजे व्हीसीडी. १९९३ साली तिचे निकष ठरले. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एमपीईजी-१ पद्धतीने दाबलेलं, एका सीडीवर ७४ मिनिटं. अमेरिकेने तिला फारसं विचारलं नाही. आशियाने मात्र उचलून धरलं. सोनीलाही हे ठाऊक होतं. पहिल्या प्लेस्टेशनचं एक पांढरं मॉडेल खास आशियाई बाजारासाठी निघालं होतं आणि ते व्हीसीडी लावायचं. पण प्लेस्टेशन २ व्हीसीडी ओळखत नव्हता आणि प्लेस्टेशन ३ सुद्धा नाही. दुबईहून किंवा सिंगापूरहून कुणी हौसेने कन्सोल आणला, तरी घरातल्या कपाटातल्या नाटकाच्या सीडीसाठी त्याचा उपयोग शून्य. यात तांत्रिक अडचण काहीच नव्हती. डीव्हीडीचं एमपीईजी-२ उलगडणाऱ्या यंत्राला एमपीईजी-१ म्हणजे अगदी हलकं काम. कंपनीला ती सोय द्यायची नव्हती, एवढंच.

भारतात व्हीसीडीचं राज्य बराच काळ टिकलं. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याने सीडी देणाऱ्या लायब्ऱ्यांचा पायाच हलला. पण दिवाणखान्यात आधी पोचले होते ते स्वस्त सीडी प्लेअर, आणि त्यांच्या बरोबरीने किंवा थोडा आधी घरात आलेला कॉम्प्युटर. मुलांच्या अभ्यासाच्या नावाखाली घेतलेल्या त्या कॉम्प्युटरवर व्हीसीडी बिनतक्रार चालायची. फक्त मॉनिटर पंधरा इंची आणि समोर माणसं सात-आठ. मग टीव्ही-आउट असलेलं ग्राफिक्स कार्ड आलं.

ही जोडणी ज्यांनी केली आहे त्यांना तिचे बारकावे पाठ असतील. कार्डाच्या मागे एस-व्हिडिओची गोल पिन, तिला एक अडॅप्टर, त्यातून टीव्हीच्या पिवळ्या पिनेपर्यंत वायर. आवाज वेगळा. कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकातून निघून टीव्हीच्या लाल-पांढऱ्या पिनांकडे जाणारा. सगळं जोडून टीव्ही एव्हीवर टाकला की पुष्कळदा चित्र यायचं ते काळं-पांढरं. कारण कार्ड मुळात अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीवर लावलेलं असायचं आणि आपल्या टीव्हीला पॅल हवं असायचं. सेटिंगमध्ये पॅल-बी निवडलं की रंग उगवत. त्यानंतर लक्षात यायचं की चित्राच्या चारही कडा टीव्हीच्या चौकटीमागे गेल्या आहेत आणि खालची विंडोजची पट्टी दिसतच नाही. जुन्या ट्यूबच्या टीव्हीत कडा झाकून टाकणं ही रीतच होती. सिनेमाला त्याने बिघडत नसे, कॉम्प्युटरला मात्र बिघडे. बारीक अक्षरं लुकलुकायची, म्हणून फाईल निवडायची मॉनिटरवर आणि बघायची टीव्हीवर. एवढे उपद्व्याप असूनही दिवाणखान्यात ‘कॉम्प्युटरवरचं नाटक’ टीव्हीवर दिसलं की घर खूष असायचं.

तिकडे अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००१ मध्ये एक्सबॉक्स काढला. आतून पाहिलं तर तो साधा कॉम्प्युटरच होता. ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, हार्ड डिस्क, नेटवर्कची पिन. डीव्हीडी ड्राइव्हही होता, पण डीव्हीडी बघायची तर ३० डॉलरचा रिमोट वेगळा घ्यावा लागे. डीव्हीडीच्या परवान्याचे पैसे प्रत्येक यंत्रामागे न भरता फक्त रिमोट घेणाऱ्याकडून वसूल करायचे, असा हा हिशेब. याच यंत्रावर हौशी प्रोग्रॅमरांनी २००२ पासून एक व्हिडिओ प्लेअर घडवायला घेतला आणि २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती एक्सबॉक्स मीडिया सेंटर, थोडक्यात एक्सबीएमसी, या नावाने आली.

या सॉफ्टवेअरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण दिवाणखान्यातल्या व्हिडिओचा पुढचा सगळा चेहरामोहरा त्याने ठरवला. ते चालवायचं तर आधी एक्सबॉक्सचं कुलूप उघडावं लागे. आत एक चिप बसवायची, नाहीतर ‘मेकअसॉल्ट’ किंवा ‘स्प्लिंटर सेल’सारख्या गेमच्या सेव्ह फाईलमधल्या फटीतून आत शिरायचं. सॉफ्टवेअरचा स्रोत सर्वांसाठी खुला होता, पण तयार प्रत अधिकृतपणे वाटता येत नव्हती. ती बांधायला मायक्रोसॉफ्टची स्वतःची साधनं लागत आणि त्यांचा परवाना या हौशी मंडळींकडे नव्हता. इतक्या आडवळणाने आत गेलं की मात्र त्या डब्यावर जवळपास सगळं चालायचं. डीव्हीडी, व्हीसीडी, डिव्हएक्स आणि एक्सव्हिडच्या फाईली, दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरची गाणी, फोटो. सोफ्यावर बसून लांबून वाचता येतील अशी मोठी अक्षरं आणि हातात रिमोट. २००३ च्या सुमारास पैसे मोजूनही बाजारात इतकं सर्वभक्षी यंत्र मिळत नव्हतं.

एचडी चित्रं आली तेव्हा एक्सबॉक्सचा तो प्रोसेसर थकला. ७२० ओळींचं, एच.२६४ पद्धतीने दाबलेलं चित्र त्याला झेपेना. सॉफ्टवेअर मात्र यंत्राच्या पुढे निघून गेलं होतं. ते लिनक्स, विंडोज आणि मॅकवर गेलं. त्याच्या मॅकवरच्या फांदीतून २००८ मध्ये प्लेक्स निघालं, दुसऱ्या फांदीतून बॉक्सी. २०१० मध्ये मूळ एक्सबॉक्सचा आधार थांबला आणि २०१४ मध्ये एक्सबीएमसीने नाव बदलून कोडी केलं. एका कंपनीने बंद ठेवलेल्या डब्यात वाढलेलं रोप असं चहूकडे पसरलं. व्हिडिओच्या क्षेत्रात हौशी लोकांनी केलेलं याहून मोलाचं काम मला तरी माहीत नाही.

मायक्रोसॉफ्टने स्वतः केलेला प्रयत्न अगदीच वाईट नव्हता. २००२ च्या विंडोज एक्सपी मीडिया सेंटरमध्ये टीव्हीचं रेकॉर्डिंग होतं, रिमोट होता, देखणी मांडणी होती, आणि पुढे एक्सबॉक्स ३६० त्या कॉम्प्युटरचं दुसऱ्या खोलीतलं टोक बनू शकत असे. पण त्याची खरी मदार अमेरिकेतल्या केबलच्या घडीवर होती. आपल्याकडे सेट टॉप बॉक्स आल्यावर कॉम्प्युटरच्या ट्यूनर कार्डाला काही अर्थच उरला नाही. विंडोज १० मध्ये, २०१५ साली, मीडिया सेंटर काढून टाकण्यात आलं.

प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये आला, तेव्हा ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांचं युद्ध पेटलेलं होतं. ब्लू-रेचे सुरुवातीचे प्लेअर हजार डॉलरच्या घरात आणि हा कन्सोल पाचशे-सहाशे डॉलरला. सोनीने प्रत्येक यंत्रात ब्लू-रे ड्राइव्ह घातला. मायक्रोसॉफ्टने एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह १९९ डॉलरला वेगळा विकला. गेमसाठी घेतलेल्या प्रत्येक प्लेस्टेशनबरोबर ब्लू-रेचं एक घर वाढत गेलं आणि १९ फेब्रुवारी २००८ ला एचडी डीव्हीडीच्या बाजूच्या तोशिबाने हार मानली. प्लेअर म्हणूनही हे यंत्र उत्तम होतं. नेटवरून त्याचं सॉफ्टवेअर सुधारत राहिलं, त्यामुळे नवे निकष आले की पहिल्या पिढीचे इतर प्लेअर जुने पडत आणि हा मात्र टिके. पुढे त्रिमिती ब्लू-रेही त्याला अशीच अपडेटमधून जमली.

पण याच अपडेटमधून सोयी काढूनही घेता येत होत्या. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स टाकण्याची मुभा सोनीने एप्रिल २०१० मध्ये काढून घेतली. आधीच्या एका अपडेटने सिनाव्हिया नावाची पहारेकरी व्यवस्था आत आणली होती. चित्रपटाच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते. यंत्राला ती ‘चुकीच्या’ जागी सापडली की वीस-एक मिनिटांनी आवाज बंद आणि पडद्यावर सूचना. पेन ड्राइव्हच्या बाबतीत अडचण वेगळी होती. हे यंत्र फक्त फॅट३२ पद्धतीची डिस्क वाचायचं आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. एचडी सिनेमा सहज त्याहून मोठा. मग लोक फाईलचे तुकडे करत, किंवा कॉम्प्युटरवर एखादं सर्व्हर सॉफ्टवेअर चालू ठेवून वायरवरून चित्र पाठवत. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला तो घरच्या फाईली लावण्याची कोणतीही सोय न घेता. ग्राहकांनी ओरड केल्यावर २०१५ मध्ये मीडिया प्लेअर मिळाला. प्लेस्टेशन ५ ने या बाबतीत पुन्हा हात आखडता घेतला. निन्टेन्डोने तर वी यंत्रात डीव्हीडीच्या आकाराची तबकडी वापरूनही डीव्हीडी लावण्याची सोय दिली नाही.

चित्राच्या गुणवत्तेबद्दल बाजारात बोललं जातं ते ठिपक्यांच्या संख्येवर. घरात मात्र भांडणं होतात ती दुसऱ्याच कारणांवरून. कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा ० ते २५५ अशा मोजतो, तर व्हिडिओमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. एचडीएमआय वायरच्या एका टोकाने एक माप धरलं आणि दुसऱ्याने दुसरं, की रात्रीचा प्रसंग राखाडी धुक्यात बुडतो किंवा नटाचे केस आणि मागची भिंत एकाच काळ्या डागात मिसळतात. टीव्ही खराब लागला असं समजून लोक दुकानात परत जातात. वास्तविक कॉम्प्युटरच्या किंवा कन्सोलच्या सेटिंगमध्ये ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ असा एकच पर्याय बदलायचा असतो, टीव्हीवर असेल तोच.

दुसरी भानगड वेगाची. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. कॉम्प्युटरची पडद्याला चित्र पाठवण्याची गती सेकंदाला ६०. मग एक चौकट तीनदा, पुढची दोनदा अशी वाटणी होते आणि कॅमेरा हळू फिरला की चित्र अडखळत चालतं. पॅल डीव्हीडीत वेगळाच मार्ग काढला होता. सिनेमा सरळ सेकंदाला २५ चौकटींनी पळवायचा. दीडशे मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि आवाजाची दुरुस्ती केली नसेल तर पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या दिशेने सरकतं. पेटीवर साथ करून पाहणाऱ्याला ते लगेच कळतं. कोडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फाईलच्या गतीनुसार टीव्हीची गती बदलण्याचा पर्याय आहे आणि तो चालू करावा असं मी आवर्जून सांगेन. मुळात तो बंद असतो.

आणि सबटायटल्स. डीव्हीडीवरची सबटायटल्स ही अक्षरं नसतात, छोटी चित्रं असतात. म्हणून कोणत्याही देशाच्या प्लेअरवर देवनागरी शाबूत दिसते. वेगळ्या फाईलमधली सबटायटल्स हा मजकूर असतो आणि तो रंगवायला यंत्राला देवनागरीची जाण लागते. ‘किती’ या शब्दात ‘क’ आधी साठवलेला असतो आणि वेलांटी नंतर, पण दाखवताना पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे काढावी लागते. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. कन्सोलच्या प्लेअरांत आणि पुष्कळ टीव्हींत ही जाण नव्हती. एक तर चौकोन दिसत, नाहीतर वेलांट्या भलत्या जागी आणि हलन्त लटकलेले. खुल्या सॉफ्टवेअरच्या लोकांनी मजकूर मांडण्याचं हे काम लिबास आणि हार्फबझ या सामायिक संचांत नीट केलं, आणि आज कॉम्प्युटरवर एमपीव्ही हा प्लेअर किंवा कोडीची अलीकडची आवृत्ती असेल तर मराठी सबटायटल्स वाचनीय दिसतात. आजीसाठी एखाद्या परदेशी चित्रपटाला घरीच मराठी सबटायटल्स करणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

स्ट्रीमिंगने हा सगळा पट बदलला, आणि त्याची सुरुवातही कन्सोलवरच झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये नेटफ्लिक्स एक्सबॉक्स ३६० वर आलं. पुढच्या वर्षी प्लेस्टेशन ३ वर आलं ते एका तबकडीच्या रूपाने. नेट जोडलेलं असलं तरी ती ड्राइव्हमध्ये घातल्याशिवाय चित्र सुरू होत नसे. त्यात भर म्हणजे एक्सबॉक्सवर नेटफ्लिक्सचे पैसे भरूनही मायक्रोसॉफ्टची सशुल्क वर्गणी लागे, ती अट २०१४ पर्यंत राहिली. मे २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर करताना मायक्रोसॉफ्टने गेमपेक्षा टीव्हीवरच जास्त भर दिला. सेट टॉप बॉक्सची वायरसुद्धा या डब्यातून जावी अशी योजना होती. ग्राहकांना ती पटली नाही. १०० डॉलरने स्वस्त असलेला प्लेस्टेशन ४ पुढे निघून गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये गूगलने ३५ डॉलरचं क्रोमकास्ट काढलं आणि नुसतं स्ट्रीमिंग बघण्यासाठी मोठा डबा घेण्याचं कारणच संपलं. आपल्याकडे नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला, आणि २०१७ मध्ये ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक मिळू लागली. बहुसंख्य भारतीय घरांनी कन्सोलची पायरी चढलीच नाही. सीडी प्लेअरवरून ती थेट स्टिकवर आली.

विजेचा हिशेबही स्टिकच्या बाजूने आहे. पहिल्या पिढीचा प्लेस्टेशन ३ ब्लू-रे लावताना दीडशे वॅटच्या वर खायचा. तीन तासांच्या सिनेमाला जवळपास अर्धा युनिट. स्टिकला दोन-चार वॅट पुरतात. नुसतं स्ट्रीमिंग बघायला आज कन्सोल चालू ठेवणं म्हणजे वीज वाया घालवणं.

पण स्टिकवर आपलं असं काही नसतं. सोनीने ऑगस्ट २०२१ अखेर प्लेस्टेशनच्या दुकानातून सिनेमे विकणं थांबवलं. पुढच्या वर्षी जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेले स्टुडिओकॅनाल या कंपनीचे चित्रपट त्यांच्या खात्यांतून नाहीसे झाले. डिसेंबर २०२३ मध्ये डिस्कव्हरीच्या कार्यक्रमांबाबत तशीच नोटीस निघाली, ती नंतर मागे घेतली गेली. जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही चित्रपटांची विक्री बंद केली. तबकड्यांची बाजूही आकसते आहे. सॅमसंगने २०१९ मध्ये ब्लू-रे प्लेअरमधून अंग काढलं. कॉम्प्युटरवर ४के ब्लू-रे अधिकृतपणे लावायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षा सोय लागत असे, आणि घरगुती प्रोसेसरांच्या ११व्या पिढीपासून इंटेलने ती काढली. म्हणजे जुना कॉम्प्युटर ती तबकडी लावतो, नवा लावत नाही. ज्यांना ४के तबकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठी तबकडीचा ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स अजूनही चांगली निवड आहे, आणि कन्सोल घेण्याचं व्हिडिओपुरतं आज तेवढंच एक कारण उरलं आहे.

घरच्या संग्रहाचं काय? माझं स्पष्ट मत आहे की त्यासाठी छोटा का होईना पण स्वतःचा, खुला कॉम्प्युटर टीव्हीला जोडलेला असावा. २०१२ मध्ये ३५ डॉलरला निघालेल्या रास्पबेरी पायने हे सर्वांच्या आवाक्यात आणलं. कोडी टाकलं की एचडीएमआय वायरवरूनच तो टीव्हीच्या रिमोटचे हुकूम ऐकतो. मोठ्या कॉम्प्युटरांच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय सहसा नसते. सुरुवातीला त्याच्यावर डीव्हीडीच्या एमपीईजी-२ साठी २.४० पौंडांची चावी वेगळी विकत घ्यावी लागे. नव्या मॉडेलांचा प्रोसेसर ते काम सहज करतो.

आता कपाटातल्या व्हीसीडींकडे वळू, कारण त्यांना घाई आहे. जी नाटकं, जी कीर्तनं आणि जे जुने मराठी चित्रपट पुढे कुठल्याच ॲपवर आले नाहीत, त्यांची घरात असलेली प्रत कदाचित तेवढीच असेल. साध्या डेटा सीडीच्या एका खणात २०४८ बाइट माहिती असते आणि बाकीची जागा चुका दुरुस्त करायला राखलेली असते. व्हीसीडीने चित्रासाठी त्या राखीव जागेतली बरीचशी वापरली आणि एका खणात २३२४ बाइट कोंबले. त्यामुळे ७४ मिनिटं मावली, पण ओरखड्यापुढे ती डेटा सीडीपेक्षा दुबळी राहिली. एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाईल नेहमीसारखी कॉपी करायला गेलं की पहिल्याच खराब खणाशी कॉम्प्युटर थांबतो आणि लोक सीडी फेकून देतात. टाकू नये. व्हीसीडीएक्सरिपसारखं मोफत साधन सीडी व्हीसीडी म्हणूनच वाचतं. एका ड्राइव्हवर नाही जमलं तर दुसऱ्यावर, कमी वेगाने लावून पाहावं; जुने ड्राइव्ह पुष्कळदा नव्यांपेक्षा जास्त चिवट निघतात. पुसताना मऊ कापड मधून बाहेर सरळ रेषेत फिरवावं, गोल नाही. छापील बाजू जास्त जपावी, कारण चकचकीत थर तिच्याच खाली, लाखेच्या एका पातळ पापुद्र्यामागे असतो. तिथला स्टिकर ओढून काढला की त्याबरोबर नाटकही निघून येतं.

फाईल मिळाली की ती पुन्हा दाबू नये. ३५२ बाय २८८ म्हणजे एक लाखाच्या आसपास ठिपके. ४के टीव्हीवर त्यातला एक ठिपका साठहून जास्त ठिपक्यांच्या जागेवर पसरतो, त्यामुळे आणखी एकदा दाबल्यावर झालेलं नुकसान ठळक दिसतं. मूळ एमपीईजी-१ आहे तसं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावं आणि मोठं करून दाखवण्याचं काम बघतेवेळी प्लेअरवर सोपवावं. चित्र मोठं करण्याच्या पद्धती दरवर्षी सुधारत आहेत आणि पाच वर्षांनी हीच फाईल आजच्यापेक्षा चांगली दिसेल. टीव्हीच्या यूएसबी पिनेने डॅट फाईल उघडली नाही तर चित्राला हात न लावता फक्त वेष्टन बदलून एमपीजी फाईल करता येते; एफएफएमपेग हे मोफत साधन तासाभराच्या फाईलसाठी हे काम मिनिटाभरात करतं.